आतापर्यंत फक्त कोड लिहिला, आता सर्व्हरही माझ्याकडे आलेत. सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सर्व्हर बघणारे सहकारी सोडून गेले, ते काम तुमच्या गळ्यात पडलं, आणि अनुभवातून आलेल्या चार गोष्टी कुणीतरी सांगाव्यात. शिवाय बॅश (लिनक्सच्या कमांडची स्क्रिप्ट लिहायची भाषा) शिकू की पायथन, हेही विचारलंय.

कोड लिहिणं आणि सर्व्हर सांभाळणं, मी दोन्ही कामं केली आहेत. कोडमध्ये चूक झाली तर टेस्ट पडते, नाहीतर यूजर ओरडतो. सर्व्हरवरच्या बऱ्याच गोष्टी मात्र बिनबोभाट बंद पडतात, आणि ते कळतं नेमकी गरज पडल्यावर. म्हणून जिथून कधीच तक्रार येत नाही, तिथून सुरुवात करा. पहिला नंबर बॅकअपचा.

31 जानेवारी 2017 ला गिटलॅबमध्ये (लोकांचा कोड सांभाळणारी कंपनी) जे झालं ते तुम्ही ऐकलं असेल. रेप्लिकेशन (मुख्य डेटाबेसची प्रत दुय्यम सर्व्हरवर सतत ताजी ठेवणं) बिघडलेलं, रात्रीची वेळ, आणि दुय्यम सर्व्हर समजून इंजिनिअरने मुख्य डेटाबेसचीच डिरेक्टरी उडवली. कमांड थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी शिल्लक होते. लोक त्या कमांडबद्दलच बोलत बसतात. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. रोज डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) घेणारी जॉब होती, पण डेटाबेस पोस्टग्रेसच्या 9.6 आवृत्तीचा आणि डंप घेणारा प्रोग्राम 9.2 चा, त्यामुळे ती रोज एरर देऊन थांबत होती. एररचे मेलही निघत होते, पण क्रॉनच्या (ठरल्या वेळी जॉब आपोआप चालवणारा प्रोग्राम) मेलला डीमार्कची (मेल खरंच त्या पत्त्यावरून आलाय हे पटवणारी व्यवस्था) जोड नव्हती, म्हणून समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. म्हणजे बॅकअप नाही, आणि बॅकअप नाही हे सांगणाराही नाही. शेवटी कामी आला तो सहा तासांपूर्वी स्टेजिंगसाठी (चाचणीची वेगळी सिस्टिम) कुणीतरी हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाची प्रत. तो योगायोगाने होता म्हणून निभावलं. (हे सगळं त्यांनी स्वतःच उघडपणे लिहिलं, त्याचं मला फार कौतुक आहे.)

यातून घ्यायचं ते हे: काही बिघडलं तर मेल येईल, ही व्यवस्था पुरेशी नाही. उलट करा. काम नीट झालं तर जॉबने शेवटी कुठेतरी वेळ नोंदवावी, आणि दुसऱ्याच मशीनने ती नोंद किती जुनी आहे ते बघावं. नोंद यायची थांबली की अलार्म. मग क्रॉन मेला, मेल अडला, अख्खं मशीन बंद पडलं, तरी तुम्हाला कळेल.

'नीट झालं' कशाला म्हणायचं यातही मेख आहे. डंपचं आउटपुट पाइपने (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला जोडून) जीझिप या डेटा आकसवणाऱ्या कमांडला देऊन फाइल बनवणं ही अगदी सर्रास पद्धत. पण पाइपलाइनचा निकाल शेवटच्या कमांडवरून ठरतो. डंप पहिल्याच क्षणी कोसळला तरी जीझिप बिचारा रिकाम्या इनपुटची व्यवस्थित फाइल बनवतो, 20 बाइटची, आणि यश कळवतो. रोज नवी तारीख, रोज नवी फाइल, आत काही नाही. बॅशमध्ये पाइपफेल (कुठलीही कमांड पडली तर अख्खी पाइपलाइन अपयशी धरणारा पर्याय) चालू करा आणि फाइलचा आकारही तपासा. तरीही खरी खात्री एकाच गोष्टीने होते: अधूनमधून तो बॅकअप वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करा, शेवटच्या नोंदीची तारीख बघा, आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. 'सिस्टिम किती वेळात परत येईल' असं साहेबांनी विचारलं की सांगायचा आकडा तोच.

साइटची ओळख ब्राउझरला पटवणाऱ्या सर्टिफिकेटची तऱ्हाही अशीच. लेट्स एनक्रिप्ट या संस्थेची कमी मुदतीची मोफत सर्टिफिकेटं आपोआप नवी होतात, डिस्कवर नवी फाइल येते, सगळे निर्धास्त. पण इंजिनएक्स हा वेब सर्व्हर रीलोड झाला नसेल तर मेमरीत जुनंच सर्टिफिकेट बसलेलं असतं, आणि मुदत संपली की साइटवर ब्राउझरची लाल पाटी. फाइलची तारीख बघून उपयोग नाही. बाहेरून कनेक्शन करून समोर काय येतं ते तपासा.

हेच कॉन्फिगरेशनला लागू. कुणीतरी फाइल बदलली, सर्व्हिस रीस्टार्ट केली नाही, आणि महिन्यांनी मशीन रीबूट झाल्यावर सर्व्हिस उठतच नाही. बदलणारा तोवर नोकरी सोडून गेलेला. 'आमचा सर्व्हर तीन वर्षं बंद झालेला नाही' असं कुणी अभिमानाने सांगितलं की मला धडकीच भरते. तो परत चालू होईल की नाही, हे तीन वर्षांत कुणी पाहिलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. वारसा म्हणून आलेलं प्रत्येक मशीन, दिवसाउजेडी, लोकांना आधी सांगून, एकदा रीबूट करून बघा.

आता उलट टोक. 1 ऑगस्ट 2012 ला नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर ट्रेडिंग कंपनीने नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर चढवला होता. आठव्यावरचा जुना, बाद झालेला कोड जागा झाला आणि पाऊण तासात 44 कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. बाजार उघडण्याआधी त्यांच्या सिस्टिमने त्या बिघाडाचा उल्लेख असलेले 97 मेल पाठवले होते. ते अलार्म म्हणून पाठवलेलेच नव्हते, त्यामुळे कुणी बघितले नाहीत. तेव्हा ज्या अलर्टवर कुणी काही करत नाही तो सरळ काढून टाका, यावर मी ठाम आहे. 'असू दे, कामाला येईल' म्हणून ठेवलेले अलर्टच खऱ्या अलर्टला गिळतात. आणि डिप्लॉय झाल्यावर प्रत्येक सर्व्हरला त्याची आवृत्ती विचारा. स्क्रिप्ट यशस्वी झाली, एवढ्यावर थांबू नका.

एक किरकोळ, पण हमखास भेटणारी गोष्ट: डिस्क भरली म्हणून मोठी लॉग फाइल डिलीट केली आणि जागा मोकळी झालीच नाही, तर एखाद्या प्रोसेसने ती अजून उघडी धरलीय. एलएसओएफने (उघड्या फाइल्स दाखवणारी कमांड) शोधा आणि ती प्रोसेस रीस्टार्ट करा. जागा असूनही डिस्क भरल्याची एरर येत असेल तर आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद, जिची संख्या मर्यादित असते) संपलेत का बघा. कुठेतरी लाखो चिमुकल्या सेशन फाइल्स साठलेल्या सापडतील.

बॅश की पायथन? आधी बॅश, कारण जुन्या सहकाऱ्यांनी मागे ठेवलेलं बहुतेक सगळं त्यातच असेल आणि ते तुम्हाला वाचावं लागणारच. स्वतः लिहिताना मात्र ॲरे, जेसन किंवा तारखांची वजाबाकी आली की पायथनकडे वळा. आणि कशातही लिहा, क्रॉनमध्ये टाकण्याआधी ती स्क्रिप्ट जवळजवळ रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवून बघा. क्रॉनला तुमच्या शेलचा पाथ (कमांड कुठे शोधायच्या त्या डिरेक्टरींची यादी) माहीत नसतो.