टाइपरायटर कळफलकाची सवय असलेल्या लिपिकांना युनिकोड मराठी टंकलेखन कसं शिकवावं?

विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि पहिल्या दिवसापासून इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित कळफलक-मांडणीच शिकवा. डावीकडे स्वर-मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजनं. ही मांडणी लवकर बसते. हात अडतो तो ऱ्हस्व वेलांटीवर. टाइपरायटर पद्धतीत ती अक्षराआधी येते, इथे नंतर: ‘कि’साठी आधी के ही कळ, मग एफ. जोडाक्षरांसाठी डीवरचा हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह: ‘र्क’ म्हणजे जे, डी, के. ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्य’ मात्र शिफ्ट-जे, डी आणि तिरकी रेघ. हा मुद्दाम घोटवून घ्या, कारण ‘कर्मचाऱ्यांच्या’ हा शब्द कार्यालयीन पत्रांत सारखा येतो. सरावाला पुस्तकातले उतारे नकोत, रोजची टिपणी आणि स्मरणपत्रंच द्या. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये रूपांतरित केल्यावर रफार आणि वेलांट्या डोळ्यांनी तपासायलाही शिकवा. सर्वाधिक चुका तिथेच राहतात.