होबी कॅटवाले नवख्यांची इतकी का खेचतात?

तुम्ही लिहिलंय की सॅन डिएगोला आल्यावर मिशन बे या खाडीत होबी १६ ही दोन माणसांनी चालवायची जोडहोडीसारखी शिडाची बोट (होबी कॅट) शिकताय, दोनदा उलटलात, आणि तेव्हापासून किनाऱ्यावरची जुनी मंडळी दिसली की "आज आंघोळ झाली का?" म्हणून विचारतात. तुमची सेकंडहँड बोट बघून "ही तरंगते ना?" हेही झालंच. ही आपुलकी समजायची की टोमणे, असा तुमचा प्रश्न.

मी याच खाडीत कित्येक वर्षं होबी चालवते. आपुलकीच आहे ती, निर्धास्त राहा. फक्त दोन्ही थट्टा सारख्या नाहीत. उलटण्यावरची हसून सोडून द्या, बोटीवरची मात्र नीट ऐका.

होबी १६ उलटतेच. होबी आल्टर आणि फिल एडवर्ड्स यांनी ती दक्षिण कॅलिफोर्नियातल्या वाळूवरून थेट लाटांत ढकलता यावी म्हणून बनवली. वजन जेमतेम १४५ किलो, खाली डॅगरबोर्ड (बोट बाजूला सरकू नये म्हणून पाण्यात उतरवायची फळी) नाही, हल म्हणजे तिचे दोन लांबट तरंगते भाग वाकडे आणि पुढे निमुळते. त्या निमुळत्या टोकांना पाणी फारसं उचलून धरत नाही. वेगात असताना वाऱ्याचा जोराचा झोत आला की एका हलचं नाक पाण्यात घुसतं, बोट जागच्या जागी अडते, मागची बाजू वर उठते आणि ट्रॅपीझवर, म्हणजे डोलकाठीपासून आलेल्या तारेवर, लटकलेला माणूस पुढे भिरकावला जातो. हा पिचपोल. तो न अनुभवलेला होबीवाला मला अजून भेटायचाय. तुम्हाला आंघोळीबद्दल विचारणारेही त्यातूनच गेलेत.

एक गोष्ट पाहिलीत का? दोन्ही डोकी पाण्यावर दिसेपर्यंत आणि बोट सरळ होईपर्यंत कुणी अवाक्षर काढत नाही. आणि मदतीला सगळ्यात आधी येतो तो बहुधा सगळ्यात जास्त चिडवणाराच.

आता "तरंगते ना?" बद्दल. होबीची डोलकाठी पोकळ असते आणि आत हवा कोंडलेली राहावी म्हणून ती सील केलेली असते. ते सील गेलं की उलटल्यावर काठीत पाणी भरतं, आणि एका कुशीवर पडून राहिली असती ती बोट हळूहळू पुरती पालथी होते. उथळ पाण्यात काठीचं टोक चिखलात रुतलं तर दोघांच्या बळावर ती निघत नाही. डेकचंही, म्हणजे हलच्या वरच्या पृष्ठभागाचंही, तसंच. पुढच्या आडव्या दांड्याच्या जवळ अंगठ्याने दाबून बघा. डेक दबली आणि आतून चरचर आवाज आला तर फायबरग्लास आतल्या फोमपासून सुटलंय. मी कुणाचीही नवी-जुनी बोट दिसली की आधी तिथेच अंगठा ठेवते, आणि त्यावरून मलाही खूप ऐकावं लागतं.

सगळ्यात घासून गुळगुळीत झालेला प्रश्न म्हणजे "बुचं लावलीस का?" प्रत्येक हलच्या मागच्या टोकाला पाणी काढायचं भोक असतं. बूच राहिलं तर हल भरत जातो, बोट जड होते आणि किनाऱ्यापासून लांब गेल्यावर ते कळतं. म्हणून शर्यती जिंकलेल्यांनाही हा प्रश्न विचारतात. मला ही थट्टा फार आवडते, कारण उत्तर देताना हात आपोआप बुचाकडे जातो.

एकाच वेळी सगळे गप्प होतात, काठी उभी करताना. ती सुमारे २६ फुटांची ॲल्युमिनियमची, वर विजेची तार असली तर जीव जातो. तसे अपघात झाल्यामुळेच १९८० च्या दशकात काठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरग्लासचा करण्यात आला. जुनी बोट घेतली असेल तर तुमच्या काठीला तो भाग आहे का, हे आजच पाहा.

आणि हलका वारा असलेल्या दिवशी, खोल पाण्यात, मुद्दाम उलटून सराव करा. मेनशीट (मोठ्या शिडाची दोरी) आणि जिबची, म्हणजे पुढच्या छोट्या शिडाची, दोरी मोकळी सोडा, बोटीचं नाक वाऱ्याकडे वळवा, वरच्या हलवरून दोर घेऊन खालच्या हलवर उभं राहून मागे झुका. बोट वर येऊ लागली की खालचा दांडा घट्ट धरा, नाहीतर ती पलीकडे पडेल. दोघांचं मिळून वजन १३० किलोच्या आत असेल तर तिसरा माणूस जवळ हवा. जो तुम्हाला बुचांबद्दल रोज विचारतो, त्यालाच बोलवा.