आधी त्लाल्पान, मग राजधानी

प्रश्न : मेक्सिकोच्या क्लाउडिया शेनबाम थेट राष्ट्राध्यक्ष झाल्या का? पुन्हा उभ्या राहू शकतील?
– एक विद्यार्थिनी, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : थेट नाही. ऊर्जा अभियांत्रिकीत डॉक्टरेट केलेल्या शेनबाम २००० मध्ये मेक्सिको सिटीच्या पर्यावरण खात्याच्या प्रमुख झाल्या. २००५ ची मेट्रोबस ही स्वतंत्र मार्गिकेवरून धावणारी शहर बससेवा त्याच काळातली. २०१५ ते २०१७ त्याच शहरातल्या त्लाल्पान या विभागाचा कारभार, मग २०१८ ते २०२३ अख्ख्या राजधानीचा. ही दोन पदं एकच समजून मुलं हमखास चुकतात. बेळगावच्या हिशेबात, आधी टिळकवाडी, मग सगळं शहर! १ ऑक्टोबर २०२४ ला त्यांनी शपथ घेतली. मुदत सहा वर्षांची, आणि तिथे हे पद एकदाच मिळतं. २०३० ला पुन्हा उभं राहता येणार नाही. पूर्वी शपथविधी १ डिसेंबरला होई, तेव्हा जुन्या गाईडमधली तारीख पाठ करू नका.