एनएसईच्या एका आकड्यावर ठरवू नका

ताई, अपघाताला सहा आठवडे झाले, भाऊ डोळे उघडतो पण ओळख देत नाही, आणि रक्तात मोजतात ते एनएसई नावाचं प्रथिन 'खूप वाढलंय, आशा धरू नका' असं सांगितलं गेलं, हे तुमचं वाचून राहवलं नाही. ह्यांच्या वेळी अगदी हेच ऐकलं होतं. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे सगळं तुमच्या न्यूरोच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

एनएसई मेंदूच्या पेशींत असतं तसंच तांबड्या रक्तपेशींतही असतं. नमुना काढताना त्या फुटल्या की आकडा नसता चढतो. आमच्या नमुन्याचं सीरम (रक्तपेशी वेगळ्या काढून उरतं ते पाणी) लालसर होतं, हे लॅबमधल्या एका मुलानं नंतर बोलता बोलता सांगितलं. रिपोर्टवर त्याचा उल्लेखच नाही, नुसतं ठळक 'हाय'. हेमोलिसिस, म्हणजे रक्तपेशी फुटणं, होतं का, नमुना किती वाजता घेतला, हे लेखी मागितलं तर काउंटरवर म्हणे डॉक्टरांचं पत्र आणा, आणि डॉक्टर म्हणे लॅबला विचारा. तेवढ्यात इकडे नातेवाईक 'आता खर्च कशाला' म्हणायला लागले. तो राग अजून गेलेला नाही.

शिवाय एनएसईची लिटरमागे 60 मायक्रोग्रॅमची जी मर्यादा सांगतात, ती 2021 च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांतली, हृदय बंद पडून बेशुद्ध झालेल्यांसाठीची. तिथेही 48 किंवा 72 तासांचा नमुना लागतो आणि जोडीला दुसरा पुरावा लागतोच. डोक्याला मार लागलेल्याला ती जशीच्या तशी कशी लावणार? एस100बी ह्या मेंदूच्या इजेसाठी मोजतात त्या दुसऱ्या प्रथिनाचंही तेच, हाडं मोडली तरी ते वाढतं.

माझं स्पष्ट मत, रक्तापेक्षा खाटेजवळच्या तपासणीचा आग्रह धरा. सीआरएस-आर म्हणतात तिला, रुग्णाला कितपत जाणीव आहे हे ठरावीक पद्धतीनं बघतात. एकदा करून भागत नाही, थोड्या दिवसांत निदान पाच वेळा, वेगवेगळ्या वेळी व्हायला हवी. 2009 च्या एका अभ्यासात नुसत्या निरीक्षणावरून 'व्हेजिटेटिव्ह' (डोळे उघडे पण जाणीव नाही) ठरवलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोकांत जाणिवेच्या खुणा सापडल्या होत्या. ह्यांची नजर डॉक्टरांच्या बोटामागे जात नव्हती. फिजिओवाल्या ताईंनी हातातला आरसा तोंडासमोर धरून हळूच सरकवला, तर स्वतःच्या चेहऱ्यामागे डोळे वळले. तुम्हाला असं काही दिसलं तर वेळेसकट व्हिडिओ काढून ठेवा.

जाता जाता, अमँटाडीन ह्या औषधाबद्दल विचारा. 2012 च्या चाचणीत मार लागून 4 ते 16 आठवडे झालेल्यांची सुधारणा त्यानं वेगानं झाली होती. मात्र भावाला फिट्स येत असतील किंवा किडनीचा त्रास असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा.