लाल पेन्सिलीच्या खुणा

प्रिय पोरी,

सलाम.

नव्या वर्षाच्या उपासनेत चिठ्ठी उचलून तुला निघालेल्या बायबलच्या वचनाचा फोटो पाहिला. यिर्मया २९:११. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत. नोकरी बदलायची की नाही याचं उत्तर मिळालं, आता मनाला शांती आहे, असं तू लिहितेस. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता : 'बायबलमधलं मला पटतं तेवढं मी घेते, बाकीचं त्या काळापुरतं होतं असं धरते.' मला वाटतं, सगळं पत्र तू त्या एका वाक्यासाठीच लिहिलंस.

नोकरी बदलायची तर खुशाल बदल, त्यात मी पडत नाही. हेच वचन मलाही मागे एकदा निघालं होतं. वचनांच्या डब्यात त्याच्या किती चिठ्ठ्या घालतात कोण जाणे! 'उजवा डोळा पापाला कारण होत असेल तर उपटून टाक' हे कुणाला निघालेलं मी आजवर पाहिलं नाही.

आता त्याच्या वरची ओळ वाच. तो अध्याय म्हणजेही एक पत्रच आहे, यरुशलेमेहून बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेलं. १०व्या वचनात म्हटलंय, बाबेलची ७० वर्षं भरली की मी तुम्हाला परत आणीन. सत्तर! पत्र ऐकायला बसलेल्या मोठ्या माणसांना त्याचा अर्थ लगेच कळला असेल : आपली हाडं इथेच पडणार. घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं लावा, आणि ज्या शहरात कैदी म्हणून आलात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. एवढं सगळं त्या चिठ्ठीवर कुठून मावणार?

अजून एक अध्याय मागे जा. तिथे हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा भेटेल. मंदिरात, याजकांसमोर, तो ठणकावून सांगतो की दोन वर्षांच्या आत सगळं परत येईल. मंदिरातली लुटून नेलेली पात्रं येतील, राजा येईल, माणसं येतील. बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून तो सर्वांदेखत मोडतो. दोन वर्षं की सत्तर, लोकांना काय आवडलं असेल हे सांगायला नको. पण मी वर्गात शिकवताना मुलांना दर वेळी थांबवायचो ते यिर्मयाच्या उत्तरापाशी. तो आधी म्हणतो, 'आमेन! परमेश्वर असंच करो.' म्हणजे त्यालाही दोनच वर्षं हवी होती. त्याची आवड आणि हनन्याची आवड एकच. फरक एवढाच की यिर्मयाने आपल्या आवडीवर देवाची सही ठोकली नाही. म्हणून 'मला शांती आहे' हे वाक्य ऐकलं की मी जरा सावध होतो. हनन्यालाही शांती असणार, त्याला झोप उत्तम लागत असणार.

बायबलला सरळ सरळ कात्री लावणाराही एक होऊन गेला. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन. त्यांनी म्हातारपणी, १८२०च्या सुमारास, येशूचं चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानांच्या प्रती घेऊन पात्याने उतारे कापले आणि कोऱ्या पानांवर चिकटवले. येशूची शिकवण ठेवली, चमत्कार वगळले. ८४ पानं झाली. शेवटचं पान कबरेच्या तोंडाशी धोंड लोटण्यापाशी संपतं, आणि येशू पुन्हा उठतो तो तिसरा दिवस उजाडतच नाही. मला त्या माणसाचं एक आवडतं, त्याने स्वतःशी लपवाछपवी केली नाही, खरंच पातं चालवलं. आपण पुस्तक अख्खं ठेवतो आणि डोळ्यांनी कापतो. 'ख्रिस्तात सगळे एक' हे चर्चच्या भिंतीवर रंगवायचं आणि सोयरिकीच्या वेळी मूळची जात हळूच विचारायची. तुझ्या वेळीही विचारतील, बघ.

पण 'पटत नाही' म्हणणं म्हणजे अविश्वास, असं मी म्हणत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर मठातल्या ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच त्या त्रैक्यावर (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवर), चर्चच्या अधिकारावर वाद घालत राहिल्या. कुणी सांगितलं म्हणून मान डोलावली नाही. मात्र हीच बाई पुढे केडगावला निराधार बायकांसाठीच्या मुक्ती मिशनचा संसार सांभाळत हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि अख्खं बायबल मराठीत आणायला बसली. १९२२ मध्ये त्या गेल्या, ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. त्या कामाचा विचार कर. वाचणाऱ्याला पान उलटता येतं. भाषांतर करणाऱ्याला एक ओळसुद्धा गाळता येत नाही. वंशावळ्या, शाप, स्वतःला झोंबणारी वाक्यं, प्रत्येकासाठी शब्द शोधावा लागतो. शंका घेऊन त्या पुस्तकापासून लांब गेल्या नाहीत, त्याच्या आणखी आत शिरल्या.

आता माझं. माझ्या बायबलात लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत, तू लहानपणी त्यात रंग भरायचीस. मत्तय ५ उघडलं तर 'धन्य ते' सगळं लाल. १२व्या वचनापर्यंत. त्यानंतर पेन्सिल एकदम पान उलटून पुढे जाते. मधे २३ आणि २४ कोरी : वेदीपाशी दान आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जा. धाकट्या भावाशी बांधावरून माझी ९ वर्षं बोलाचाल नव्हती. त्या ९ वर्षांत महिन्याच्या पहिल्या रविवारी मी प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेत होतो आणि चर्चचा वडील, म्हणजे पंच, म्हणून ताटही फिरवत होतो. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, मला शांती आहे.

मागच्या पावसाळ्यात गेलो त्याच्याकडे. पटलं म्हणून नाही गेलो, अजूनही मला वाटतं की बांध त्यानेच कोरला. त्याने बस म्हटलं नाही. भावजयीने चहा ठेवला. तो खाटेवर बसून बैलाच्या दाव्याला गाठ मारत राहिला, मी चहा प्यालो आणि निघालो. फाटकापर्यंत आला नाही, पण कुत्रं अंगावर धावलं तेव्हा त्याला आवरलं त्याने. तेवढंच.

नाताळला येशील तेव्हा तुझं बायबल घेऊन ये, मोबाईलमधलं नको, आजीने दिलेलं. दोघांची शेजारी शेजारी ठेवून कोरी पानं बघू. आईला सलाम सांग, आणि खोकल्याचं औषध ती घेते की नाही ते कळव.

तुझा,
काका