टीव्हीमागच्या लोंबत्या वायरींचं काय करू?

प्रश्न : आमच्या हॉलमध्ये ४३ इंची टीव्ही भिंतीवर लावलाय. सेट टॉप बॉक्स, राऊटर आणि साउंडबार खालच्या युनिटवर, त्यामुळे मधे सगळ्या वायरी लोंबतात. दिवाळीआधी रंगकाम काढतोय. इलेक्ट्रिशियन म्हणतो टीव्हीची वायर सरळ भिंतीत दाबून वरून प्लास्टर मारतो, मिस्टर म्हणतात पांढरी पट्टी मारली की झालं. काय करावं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, रंगाच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत, एकदा रंग झाला की भिंत फोडायला कुणाचा हात उचलत नाही. पण इलेक्ट्रिशियनला आधी थांबवा. टीव्हीसोबत येते ती पॉवर कॉर्ड भिंतीत गाडायची नसतेच, ती फ्लेक्झिबल वायर आहे, प्लास्टरखाली तिचं इन्शुलेशन खराब झालं तर बाहेरून कळणार नाही, उद्या कुणी फोटोसाठी खिळा ठोकला तर थेट २३० व्होल्ट. त्याऐवजी टीव्हीच्या मागेच नवा सॉकेट काढून घ्या, त्याची वायरिंग नेहमीसारखी पाइपातून, अर्थिंगसकट. सॉकेट टीव्हीच्या आडच, पण ब्रॅकेटच्या बाजूला हवा, ब्रॅकेटच्या मागे नाही, टीव्ही आणि भिंतीत जागा इतकी कमी असते की साधा प्लग बसतच नाही आणि मग टीव्ही वाकडा दिसतो.

आता एचडीएमआय वगैरे. त्यांच्यासाठी वेगळा रिकामा पाइप टाका, पॉवरच्या पाइपात ह्या वायरी घुसवू नका. इथे बहुतेक जण चुकतात, एक इंची पाइप टाकतात, पण एचडीएमआयची पिनच साधारण दोन सेंटिमीटर रुंद, ती वळणावर अडकते आणि मग ओढाओढीत केबल तुटते. दीड-दोन इंची घ्या, काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचा बेंड घ्या आणि आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा, म्हणजे पुढे केबल बदलायची झाली तर दोरीला बांधून ओढली की आली.

पण हे सगळं भिंत कसली आहे त्यावर! ब्रॅकेटसाठी ड्रिल मारलं तेव्हा भुकटी कसली पडली आठवतंय का? लाल पडली तर वीट, पांढरट भुसभुशीत तर सिपोरेक्सचे, म्हणजे हलके सच्छिद्र सिमेंटचे ब्लॉक. राखाडी पडली आणि ड्रिल रडतरडत आत गेलं असेल तर ते काँक्रीट, तिथे झिरी, म्हणजे पाइप दाबायला भिंतीत खाच, अजिबात मारायची नाही, कॉलमची सळई उघडी पडली तर प्रश्न तुमच्या एका फ्लॅटचा राहत नाही. बऱ्याच नव्या टॉवरमध्ये मायवानच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या भिंती असतात, त्या तर सगळ्याच काँक्रीटच्या. आणि वीट असली तरी भिंत चार इंची असेल तर दोन इंची पाइपासाठी ती अर्धी पोखरली जाते, तेव्हा तेही नको.

अशा ठिकाणी मला सगळ्यात आवडतो तो उपाय म्हणजे टीव्हीमागे प्लायचं बॅक पॅनल. भिंतीपासून दोन इंच पुढे, मागून सगळ्या वायरी, भिंतीला धक्का नाही. फक्त ब्रॅकेटचे बोल्ट भिंतीतच गेले पाहिजेत, नुसत्या प्लायवर टीव्ही टांगू नका, आणि पॅनलची एक बाजू उघडता येईल अशी सुताराला आधीच सांगा.

मिस्टरांची पट्टी म्हणजे केसिंग-कॅपिंग, भिंतीवरून वायर नेणारी झाकणाची प्लास्टिकची पट्टी, तीही वाईट नाही हां, भाड्याच्या घरात तर मी तीच सांगेन. फक्त डबल टेपवर भरवसा नको, पावसाळ्यात सुटते, स्क्रू मारा. टीव्हीच्या मध्यातून सरळ उभी खाली आणा, पॉलिश पेपर घासून प्रायमर लावा आणि भिंतीचाच रंग द्या, दोन हात मारले की लांबून लक्षातही येत नाही.

झिरी मारलीच तर पाइप उभा किंवा आडवा, तिरपा कधीच नको, आणि प्लास्टरच्या आधी मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवा. सेट टॉप बॉक्स मात्र हौसेने टीव्हीमागे लपवू नका, तापतो, शिवाय साधा रिमोट तिथे पोचत नाही, तो युनिटवर समोर दिसेल असाच राहू द्या.