वाचकांचे प्रश्न : दोन दिवसांत बदललेला लोहमार्ग

प्रश्न : इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने आपला सात फुटी गेजचा (दोन रुळांमधल्या अंतराचा) मार्ग एका शनिवार-रविवारात चार फूट साडेआठ इंचांवर आणला, असं वाचलं. आपल्या पुणे-मिरज मार्गाचं मीटरगेजचं ब्रॉडगेज व्हायला मात्र वर्षं लागली. एवढा फरक का? — एक वाचक, घोरपडी

उत्तर : रूळ सरकवायचं अंतर दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. तिकडे ७०५ मिलिमीटर, इकडे ६७६. फरक दिशेचा आहे : तिकडे रुंदाचं अरुंद केलं, इकडे अरुंदाचं रुंद. लांब स्लीपरवर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या ओंडक्यावर, अरुंद गेज बसतं, आखूड स्लीपरवर रुंद बसत नाही. मीटरगेजचा लाकडी स्लीपर सुमारे सहा फुटांचा, ब्रॉडगेजचा नऊ फुटांचा. म्हणजे स्लीपर सगळेच नवे. शिवाय भराव रुंद करायचा, पूल मजबूत करायचे, फलाट मागे घ्यायचे.

ग्रेट वेस्टर्नचा अभियंता ब्रुनेल याच्या मार्गाची बांधणीही वेगळी होती. रुळाखाली आडवे स्लीपर नव्हते. रुळाच्याच दिशेने सलग लाकडी तुळई टाकलेली असे. दोन तुळयांमधलं अंतर आडव्या दांड्या आणि लोखंडी बोल्ट राखत. बोल्ट सोडून दांडी मापाने कापली, की तुळई रुळासकट पहारींनी आत सरकवता येई.

तरीही दोन दिवस पुरले ते पूर्वतयारीमुळे. लंडन ते एक्झेटर दोन्ही गेजच्या गाड्या चालाव्यात म्हणून तिसरा रूळ आधीच टाकलेला होता, त्यामुळे बदलायचा मार्ग उरला पश्चिमेकडचा १७१ मैल. खडी आधीच उपसून ठेवली, दांड्यांवर मापं आखली, बोल्ट सैल केले. हे आधी करायलाच हवं, कारण एक गंजलेला नट सबंध टोळीला अडवून ठेवतो. २० मे १८९२ च्या शुक्रवारी शेवटच्या रुंद गाड्या धावल्या, चार हजारांहून अधिक कामगार लागले आणि सोमवारी सकाळी नव्या गेजवर वाहतूक सुरू झाली.

खरी अडचण वळणांवर येते. बाहेरचा रूळ आत घेतला की त्याची लांबी जास्त ठरते. वळण काटकोनात वळत असेल तर ०.७०५ गुणिले १.५७, म्हणजे सुमारे १ मीटर १० सेंटिमीटर रूळ कापावा लागतो, मग वळण कितीही मोठ्या त्रिज्येचं असो. गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते त्या सांध्यांच्या जागी तर नुसतं सरकवून भागतच नाही, तिथली जुळणी नव्याने करावी लागते.

प्रश्न : ब्रुनेलने सात फूटच का घेतले? आणि जुन्या गाड्यांचं काय झालं? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : वेगात गाडी स्थिर राहावी म्हणून. पाव इंच नंतर वाढवला, चाकांना थोडी मोकळीक मिळावी म्हणून. गेज बदलल्यावर रुंद इंजिनं आणि डबे कंपनीच्या स्विंडन कारखान्याजवळ खास टाकलेल्या सुमारे १५ मैल रुळांवर रांगेने उभे केले. काही आधीच बदलता येतील असे बांधलेले होते, ते अरुंद गेजवर आणले. बाकीचे मोडीत निघाले.